मुळ्याचा नैवेद्य आणि हरवलेल्या बाई

मुलांनो, शाळेतल्या बाई कधी हरवतात का? मी हरवले! आणि तेही थेट टोकियोत.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त तिथल्या निशी-कासाई भागात राहतो. तिथे बरीच भारतीय कुटुंबं आहेत. दिवाळीच्या सुटीत मी नवी मुंबईहून त्याच्याकडे गेले.

पहिल्याच दिवशी दुकानातून ओनिगिरी आणली. ओनिगिरी म्हणजे भाताचा तिकोनी गोळा, त्याला काळसर समुद्रशेवाळ गुंडाळलेलं. आत काय आहे ते कागदावर छापलं होतं, पण वाचणार कोण? घास घेतला आणि डोळेच मिटले! आत होतं खारवलेलं आंबट फळ, उमेबोशी. आपल्या लोणच्याचा थोरला भाऊच म्हणा ना!

दुसऱ्या दिवशी भावाने असाकुसा भागातल्या मात्सुचियामा शोदेन या देवळात नेलं. तिथला देव म्हणजे आपला गणपती बरं का! सुमारे १,२०० वर्षांपूर्वी बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला पोचला. मूर्ती मात्र दर्शनासाठी उघडी नसते. आणि नैवेद्य? मोदक नाही, चक्क पांढरा मुळा! देवळावर कोरीवकामही मुळ्यांचंच. दरवर्षी ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सव असतो.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच फिरायला निघाले आणि फसले. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. विभागाचा क्रमांक, गटाचा क्रमांक, मग घराचा. आपल्या वाशी-नेरुळच्या सेक्टर-प्लॉटसारखंच! पण पाट्या जपानी. तिथली मुलं प्राथमिक शाळेतच १,०२६ चित्राक्षरं शिकतात. बाईंना एकही येईना. मोबाईलही बंद पडलेला. अगदी रडू यायच्या बेतात होते.

तेव्हा मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. आईवडील बांधकामावर मजुरी करायला कलबुर्गीहून आलेले, घरात कन्नड. धडा वाचायला सांगितला की ती नुसती उभी राहायची. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अगं, एवढं मोठ्या अक्षरात लिहिलंय, दिसत नाही का?" वर्ग हसला होता.

दिसत तर मलाही सगळं होतं!

नाक्यावर छोटी पोलीसचौकी होती. तिला 'कोबान' म्हणतात. मी पत्त्याची चिठ्ठी पुढे केली. पोलीसदादांनी नकाशा पसरला आणि बोट ठेवून दाखवलं: आपण इथे, घर तिथे. ना ते हसले, ना वैतागले.

सुटीनंतर शाळा उघडली. मी त्या मुलीशेजारी बाकावर जाऊन बसले. पुस्तकातल्या हत्तीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "याला तुमच्या घरी काय म्हणतात गं?"

खूप वेळ ती गप्पच होती. मग हळूच म्हणाली, "आने."

मी फळ्यावर 'हत्ती'शेजारी 'आने' लिहिलं. वर्गाने मोठ्याने म्हटलं. या वेळी कुणीच हसलं नाही, फक्त ती हसली.

तुमच्या वर्गात आहे का असं गप्प बसलेलं कुणी? त्याच्या भाषेतला एक शब्द उद्या विचारून बघा. आणि मला जरूर कळवा हं!