म्हशींची नावे

काव्य म्हटले की आपल्याला आठवते ते पाठ्यपुस्तक, नाहीतर स्नेहसंमेलनातले कविसंमेलन. ज्याच्या हातात काठी आणि पायाला चिखल, त्याचेही काव्य असते, हे मला रोह्याच्याच डोंगरात समजले.

दसऱ्याच्या सुमारास रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. तिला मिळणारी पोलिसांची सलामी पाहायला सारी पंचक्रोशी लोटते. त्याच दिवसांत वरच्या धनगरवाड्यांत दुसरा उत्सव चालू असतो, याची बाजारपेठेला फारशी वार्ता नसते. एका वर्गमित्राने आग्रह केला म्हणून गेल्या दसऱ्याला मी त्याच्या वाड्यावर गेलो.

कोकणातले गवळी धनगर देशावरच्या मेंढपाळांहून वेगळे. गाई-म्हशी हेच त्यांचे धन. दूध-तूप घेऊन डोंगर उतरायचा आणि तांदूळ-मीठ घेऊन चढायचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज.

रात्री देवापुढे ढोल घुमला. डोक्याला फेटे, हातात रंगीत रुमाल, असे पुरुष रिंगण धरून गजा नाचू लागले. एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची. मध्यरात्रीनंतर नाच थांबला आणि मित्राचे आजोबा ओवी म्हणायला बसले. देवाच्या कथेतून ते हळूच आपल्या म्हशींवर आले. कोणती वाघाच्या वासाने जागीच अडली, कोणती पावसात चुकली आणि तीन दिवसांनी आपणहून परतली. प्रत्येकीचे नाव वेगळे, गुण वेगळा. शेजारच्या लहान मुलाने विचारले, "ह्या म्हशी हायेत कुठं?" कुणीच उत्तर दिले नाही. गोठा रिकामा होता. मित्राचे वडील आता धाटावच्या कारखान्यात जातात. शेवटची म्हैस विकून चार वर्षे झाली.

सकाळी मी मित्राला म्हटले, "आजोबांच्या ओव्या लिहून घे."

तो म्हणाला, "लिहीन रे. पण म्हणायच्या कुणापुढं? म्हशींना त्या कळायच्या."

अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या एल्को गावी १९८५ पासून गुराख्यांचे कविसंमेलन भरते. घोड्यावरून गुरे हाकणारी माणसे तिथे व्यासपीठावर उभी राहून आपल्या कविता म्हणतात आणि लोक तिकीट काढून त्या ऐकतात. आपल्याकडे गुंथर सोंथायमर या जर्मन पंडिताने धनगरांत हिंडून त्यांच्या ओव्या जमवल्या, त्यांच्या दैवतांवर १९७६ साली ग्रंथ लिहिला. पेणच्या गणेशमूर्ती समुद्रापार पोचल्या. आमच्या डोंगरातली ओवी मात्र अजून खालच्या बाजारपेठेतही उतरलेली नाही.

व्यासपीठ मिळाले की ओवी जगेल, असे मला वाटत नाही. गुरांवाचून गुराख्याचे गाणे म्हणजे पाण्यावाचून पोहरा. तरीही पोहरा फेकून कसा द्यावा? उद्या कुणी पुन्हा म्हैस बांधली, तर तिला हाक मारायला नाव तरी हवे!

मित्राने दिवाळीच्या सुट्टीत आजोबांचा आवाज मोबाइलवर उतरवायला घेतला. आतापर्यंत बावीस नावे मिळाली आहेत. आजोबा म्हणतात, अजून निम्मीसुद्धा झाली नाहीत.