कोना माटे?

आमच्या नंदुरबारकडच्या माणसाला मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळची. नवापूर स्टेशनाचा निम्मा भाग महाराष्ट्रात, निम्मा गुजरातेत; पण गाडीत बसलेल्या आम्हां लोकांना ती सीमा कधी जाणवली नाही. लग्नाचा बस्ता सुरतेहून, मोठे दुखणे सुरतेला, आणि घरटी एखादा तरी माणूस लिंबायत, डिंडोली नाही तर उधन्याकडे पोटासाठी गेलेला. आमच्या घरातून दादा गेला. साल १९७८. तो वीस वर्षांचा, मी आठ.

दादा यंत्रमागावर लागला. बारा तासांची पाळी आणि कापडाच्या मीटरवर मजुरी. त्या मजुरीवर माझे शिक्षण झाले. १९९१ साली मी धुळ्याला एम.ए. करीत होतो. खोलीत आम्ही चौघे. गोंगाटात अभ्यास होत नाही, वॉकमन असता तर कानाला लावून बसलो असतो, असे मी दादाला पत्रात लिहिले. त्या दिवाळीला दादा आला तो भागळच्या बाजारातून वॉकमन घेऊनच. सोनीने १९७९ साली काढलेल्या पहिल्या वॉकमनला म्हणे दोघांनी ऐकावे म्हणून दोन हेडफोनांची सोय होती आणि मध्येच बोलावेसे वाटले तर गाणे हळू करणारे बटणही होते. दादाने आणलेल्याला खोका नव्हता, पावती नव्हती, आणि हेडफोन एकच. पण वाजायचा झकास. पेन्सिल सेल वाचावेत म्हणून मी कॅसेटमध्ये पेन घालून ती उलटी फिरवीत असे. गोंगाटाची तक्रार आपण कोणाकडे केली, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

दादा आता सदुसष्टचा. माग सुटला, घरीच असतो. मध्यंतरी गावाकडच्या शेतीची वाटणी झाली. भांडण नाही, तंटा नाही. पण त्यानंतर माझ्या लक्षात आले की फोनवर दादा 'हा', 'बरं' एवढेच म्हणतो आणि फोन वहिनीच्या हातात देतो. कुठे तरी दुखावला असावा, असे मी धरून चाललो. विचारण्याचे धाडस झाले नाही. हिवाळ्यात चार दिवस सुरतेला गेलो तेव्हा ठरवले, की त्याला गाणी ऐकायचे एखादे यंत्र घेऊन द्यावे. त्यात माया होती, तशी थोडी समजूत काढण्याचीही इच्छा होती, हे कबूल करतो.

दुकानात गेल्यावर कळले की आपण फार उशिरा आलो. कॅसेटचे दिवस केव्हाच सरले. सोनीने २०१० साली जपानात कॅसेटचा वॉकमन विकणे थांबवले. २००१ साली आलेला आयपॉडही २०२२ साली बंद झाला. आता सारे मोबाइलवर. पण जन्मभर सूत जोडलेल्या दादाच्या जाड बोटांना ती काच दाद देत नाही. २०१७ साली सारेगामाने 'कारवाँ' काढला, जुन्या रेडिओचा घाट आणि आत ५००० हिंदी गाणी; तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांना देण्यासाठी अशी यंत्रे लोक विचारू लागले. दुकानदाराने तीन-चार मांडली. कोणात गाणी भरलेली, कोणात कार्ड घालायची सोय, कोणात रेडिओ. मी गाणी किती, बॅटरी किती तास, हमी किती वर्षे, असे एकेक विचारीत होतो. त्याने मध्येच विचारले,

"साहेब, कोना माटे लेवानुं छे?"

"मोटा भाई माटे," मी म्हणालो.

"एमने बराबर संभळाय छे ने?"

"हो हो," मी बेफिकिरीने म्हटले आणि पैसे मोजले.

घरी यंत्र लावले. दादाने आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली. शेजारची पोरे दारात गोळा झाली. दादा मान हलवीत होता. पण ठेका संपला तरी मान हलतच होती. मग तो ओशाळून म्हणाला, "डफडं ऐकू येस भो, पन सबद समजत नही."

दुसऱ्या दिवशी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. बंद खोलीत बसवून एकेक सूर ऐकवतात आणि त्याचा आलेख काढतात. डावीकडे खालच्या सुरांना रेघ बरी होती. ४००० हर्ट्झच्या आसपास ती दरीत कोसळावी तशी खाली गेली होती. गोंगाटाने बिघडलेला कान असा दिसतो. ढोल, मोटार, पुरुषी घोगरा आवाज पोचतो. 'स', 'फ', 'ट' असली बारीक अक्षरे गळून पडतात. म्हणून बोलणे ऐकू येते, कळत नाही. आतल्या सूक्ष्म पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडते, आणि दादाची पाळी बारा तासांची. कानात बोळे घालायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

मी हेडमास्तर. मागच्या बाकावरचा मुलगा उत्तर देत नसेल, तर आधी त्याला ऐकू येते का ते पाहा, असे मी नव्या शिक्षकांना सांगत आलो आहे. सख्ख्या भावाच्या बाबतीत मात्र मी थेट त्याच्या मनावर निकाल देऊन मोकळा झालो होतो.

त्या संध्याकाळी त्याच्यासमोर बसून, सावकाश, तोंड दिसेल असे विचारले, "दादा, वाटणीमुळे तू नाराज होतास का?"

तो बघतच राहिला. "मी? माले वाटनं तूच नाराज शे. फोनवर पुटपुटस नुसता."

वहिनी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

यंत्र मी परत नेले. दुकानदाराने कुरकुर न करता घेतले आणि त्याऐवजी कार्डाचे लहान यंत्र दिले, बारीक सूर वाढवण्याची सोय असलेले. उरलेले पैसे श्रवणयंत्राकडे वळवले. त्यात आणखी बरेच घालावे लागले. कार्डात पुतण्याने वाद्यांचा गलका नसलेली, एकट्या आवाजातली भजने भरून दिली. दादाला आता निम्मेअधिक शब्द लागतात, उरलेले तो मनाने घालतो आणि क्वचित भलतेच घालतो.

फोन मी आता चेहरा दिसेल असाच करतो, आणि हळू बोलतो. या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी असे काही घ्यायला कोणी निघाले असेल, तर आधी त्यांच्या पाठीमागे उभे राहून एक साधे वाक्य बोलून पाहावे. खरेदी त्यानंतर करावी.