अकरावीचे २० टक्के

कॉन्व्हेंटवाली आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या! दहावीनंतर क्लासवाले सर म्हणाले, कॉलेजला जायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो. आई म्हणाली, "वर्गात जाऊन बस गं. अकरावी म्हणजे सुट्टी नाही." मी हिशोब मांडला: २०२३ च्या सीईटीत अकरावी फक्त २० टक्के, बाकी सगळी बारावी. निगेटिव्ह मार्किंगही नाही, मारा तुक्के! सीट मिळाली, पेढे वाटले. पहिल्याच सेमला एम-वनमध्ये कॉम्प्लेक्स नंबर्स. अकरावीत तेच ऑप्शनला टाकलेले. केटी! वाटलं, आई फोनवर झापणार. तिने एवढंच विचारलं, "अकरावीचं पुस्तक पाठवू?" कुरियरने आलं. कोरं करकरीत, वर नवीन खाकी कव्हर, लेबलवर तिच्या अक्षरात माझं नाव. केटी त्यातूनच काढली.