फियाटची चावी अडली की

आमच्या पिढीच्या मध्यमवर्गीय घरांत गाडी म्हणजे फियाट. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. कुणाकडे गोल अंगाची जुनी ‘डुक्कर फियाट’, कुणाकडे ११०० डिलाइट, आणि १९७४ नंतर आली तर प्रीमियर पद्मिनी. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची, त्यामुळे दारात आलेली गाडी घरातलंच एक माणूस होऊन जायची. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडायचा. चावी मात्र वडिलांच्याच खिशात.

पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की हमखास तो प्रसंग यायचा. चावी आत जायची, पण फिरायची नाही. मुंबईची खारी हवा, धूळ आणि कधीतरी सोडलेलं, आता वाळून चिकट झालेलं तेल, यांचा तो प्रताप. इग्निशनच्या कुलपात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीच्या मागे बारीक स्प्रिंग. चावीचे दाते त्या पट्ट्यांना नेमक्या उंचीवर आणतात, तेव्हाच आतला गोल भाग फिरतो. एक पट्टी जरी अडकून राहिली तरी सगळं ठप्प.

मग सगळी चाळ गाडीभोवती जमायची. आजी खोबरेलाची वाटी घेऊन यायची आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला हात जोडून थांबवायचे. खोबरेल थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरून ठेवतं. काका म्हणायचे, “जरा जोर लावून बघ.” त्यावर अण्णांचं ठरलेलं उत्तर, “जोर लावायचा नाही. चावी आत तुटली तर काय करशील?” ते आधी बॅटरीची वायर काढत. स्टोव्हच्या रॉकेलचे दोन-चार थेंब कुलपात सोडून चावी हळूहळू आतबाहेर करत, प्रत्येक वेळी फडक्याला पुसत. फडक्यावर काळा मळ यायचा. रॉकेल वाळलं की आमच्या दप्तरातली पेन्सिल मागवायची, ब्लेडने तिचं शिसं खरवडायचं आणि ती पूड चावीच्या दात्यांना लावायची. ही कोरडी पूड पट्ट्या सरकत्या ठेवते आणि तेलासारखी धूळ धरत नाही. चिमूटभरच मात्र, कारण शिशातून वीज वाहते आणि कुलपाच्या मागेच वायरींची टोकं असतात. शेवटी चावी घालून स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने वरून हलके ठोके द्यायचे. बहुतेक वेळा अडलेली पट्टी एवढ्यानेच सुटायची.

नाहीच सुटली तर दोष बहुधा कुलपाचा नसून चावीचा असायचा. रोजच्या वापराने दाते झिजतात. झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढली तर झीजही तशीच उतरते, हे आईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून लाल दोऱ्यात बांधलेली कोरी करकरीत दुसरी चावी तिने कपाटाच्या तिजोरीत ठेवलेली असे. ज्या घरात तीही नसे ते रस्त्यावरच्या चावीवाल्याकडे जाई. तो कोरी पट्टी ज्योतीवर धरून काजळी लावायचा, कुलपात दाबायचा, काजळीत उमटलेले ठसे पाहत कानस चालवायचा. आम्हा पोरांना त्याच्या हातांपुढे दुसरं काही दिसत नसे. त्या कारागिराला आपण कधी पुरेसा मान दिला नाही, असं मला अजूनही वाटतं.

नवा इग्निशन स्विच मुंबईत ऑपेरा हाऊसला किंवा पुण्यात नाना पेठेत मिळायचा. तो घेणं हा आमच्या घरी शेवटचा उपाय होता आणि मला तो हिशेब आजही बरोबर वाटतो. बहुतेक वेळा कुलूप नुसतं मळलेलं असतं, बिघडलेलं नसतं.

मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. पण काही अंगणांत ताडपत्रीखाली फियाट अजून उभ्या आहेत. तुमच्याकडे असेल तर महिन्यातून एकदा तरी चावी फिरवा, आणि न झिजलेली चावी वेगळी जपून ठेवा. डुप्लिकेट काढायची झाली तर तिच्यावरूनच काढा.