खोली आहे का?

सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पंखा गरम वारा फेकत असतो, पाणी रोज येत नाही आणि मुलांना सुट्टी असते. मी उर्दू हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. वर्षभर मुलांना ‘माझा आवडता प्रवास’ हा निबंध लिहायला लावते आणि माझ्या स्वतःच्या मुलांनी आजोळ आणि लग्नघरं सोडून कुठलाच प्रवास केलेला नाही, हे यंदा मुलीने तोंडावर सांगितलं. ती नववीत आहे, खरं बोलायला घाबरत नाही.

ठरलं माथेरान. दोन कारणं होती. एक म्हणजे सोलापूरहून पुणे, पुढे कर्जत आणि तिथून लोकलने नेरळ, असा सगळा प्रवास रेल्वेने स्वस्तात होतो. दुसरं, तिथे मोटारगाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात, त्यामुळे मुलं रस्त्यावर मोकळी फिरू शकतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून छोटी गाडी थेट बाजारात नेते. आम्ही पाच माणसं, दोन रात्री. राहण्याचं बजेट यांनी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं: तीन हजार रुपये.

मग मी फोनला बसले. पहिल्या तीन ठिकाणी भाव ऐकूनच सलाम केला. एका ठिकाणी फक्त जोडप्यांना खोली देतात म्हणाले. आणखी एका ठिकाणी म्हणाले, आमच्याकडे फक्त शाकाहारी जेवण, बाहेरून आणलेलं चालणार नाही. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. ज्याचं घर त्याचं स्वयंपाकघर. दोन दिवस डाळभात खाल्ला तर कुणी वाळत नाही. पण तिथेही भाव बसेना.

सहावा फोन जमला. गृहस्थ मोकळे बोलत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात या, मंगळवार ते गुरुवार, शनिवार-रविवारी भाव दुप्पट होतो, असं त्यांनीच सांगितलं. आमच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे तारखाही जुळल्या. चौदाशे रुपये, एक मोठी खोली, जादा गादी फुकट. सोलापूरच्या हवेवर पाच मिनिटं गप्पा झाल्या. “मॅडम, तुमचं मराठी फार छान आहे हो,” असंही म्हणाले. मग विचारलं, “नाव काय लिहू?”

मी पूर्ण नाव सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग वही चाळल्याचा आवाज. “अरे, सॉरी हं मॅडम. आत्ताच बघितलं, ती खोली दिलेली आहे.”

“मग बुधवारपासून?”

“नाही, पूर्ण आठवडाच फुल आहे.”

मी फोन ठेवला. मुलगी समोरच बसली होती. तिने काही विचारलं नाही, पण संध्याकाळी आपल्या मैत्रिणीच्या आईला त्याच नंबरवर फोन करायला लावला. खोली रिकामी होती. मंगळवारही होता, बुधवारही.

माझ्या एक सहकारी बाई आहेत, वीस वर्षांची ओळख. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनाच रडू आलं. म्हणाल्या, “माझ्या नावावर करून टाका ना. मी फोन करते, पैसे मी पाठवते.” त्यांचा हेतू चांगला होता. आमच्या यांनाही ते पटलं. “जाऊ दे, दोन रात्रींचा तर प्रश्न आहे,” म्हणाले. मीही जवळजवळ हो म्हटलं होतं.

सासूबाई तसबीह फिरवत ऐकत होत्या. एवढंच म्हणाल्या, “दूसरे के नाम पे नींद आती क्या, बेटा?”

तो विषय तिथेच संपला. तसंही प्रत्येक ठिकाणी आधार कार्ड मागतात, दारातून परत फिरावं लागलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. मुलीसमोर मी स्वतःचं नाव लपवलं असतं, तर पुढच्या वर्षी वर्गात खरेपणावरचा धडा कुठल्या तोंडाने शिकवला असता?

दुसऱ्या दिवसापासून मी पद्धत बदलली. नाव शेवटी सांगायचं सोडून पहिल्याच वाक्यात सांगू लागले. “नमस्कार, मी अमुक अमुक, सोलापूरहून बोलतेय. आमचं मुस्लिम कुटुंब आहे, पाच माणसं, सोबत वयस्कर सासूबाई आहेत. खोली आहे का?” यात एक फायदा झाला. ज्यांना नको होतं त्यांनी दहा सेकंदांत नाही म्हटलं, माझ्या मराठीचं कौतुक ऐकण्यात वेळ गेला नाही. असे दोघे निघाले. एकाने घोडेवाल्या ओळखीच्या मुस्लिम घराचा नंबर दिला, पण त्यांची खोली खरोखरच भरलेली होती. त्यांनी पुढचा नंबर दिला.

तो एका आजींचा होता. बाजाराच्या मागे घर, त्यातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. मी माझं वाक्य म्हटलं. आजींनी नावाबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “सासूबाईंना सात पायऱ्या चढवतील का? कठडा नाहीये.”

भाव पंधराशे. दोन रात्रींचे बरोबर तीन हजार.

आम्ही गेलो. जून लागला होता, ढग खाली उतरत होते, लाल मातीचा वास होता. माथेरानमध्ये जरा वस्तू महाग वाटल्या, तेव्हा आजींनी समजावलं: दस्तुरीच्या पुढे सिलिंडर असो की बटाटे, बरंचसं घोड्यांवर नाहीतर माणसांच्या हातांनी येतं, ती मजुरी भावात असतेच. सासूबाई सात पायऱ्या आजींचा हात धरून चढल्या. संध्याकाळी मी नमाजासाठी दिशा शोधत होते, तर आजींनीच गॅलरीतली खुर्ची बाजूला ओढली. “सूर्य त्या झाडामागं जातो बघ,” म्हणाल्या. आधीही कुणी विचारलं असणार.

छोट्या गाडीत बसल्यावर मी मुलांना तिची गोष्ट सांगितली. नेरळहून माथेरानला चढणारा हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभाय यांनी बांधला. पैसा त्यांच्या वडिलांचा, सर आदमजी पीरभाय यांचा. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. सहावीतला मुलगा लगेच म्हणाला, “म्हणजे गाडी आपल्यातल्या माणसाने आणली आणि खोली आपल्यालाच नाही?”

मी म्हटलं, “गाडी त्यांनी सगळ्यांसाठी आणली. तिकीट काढताना आपल्याला कुणी विचारलं का, तुम्ही कोण?” तो गप्प झाला. पण गाडी जंगलातून जात असताना माझंच वाक्य मला टोचायला लागलं.

कारण आमच्याही घरावर एक खोली आहे. दोन वर्षांपूर्वी एक बाई ती बघायला आली होती. तलाक झालेला, सोबत चार वर्षांची मुलगी, एका दवाखान्यात नोकरी. खोली तिला आवडली होती. भाडंही ठरत आलं होतं. मग मी विचारलं, “मिस्टर काय करतात?” तिने खरं सांगितलं. मी म्हटलं, “अगं, सांगायचं राहिलंच, ती खोली आत्ताच दिली.”

शब्दसुद्धा जवळजवळ तेच. ती माझ्याच कौमची होती, माझ्यासारखाच सलाम करून आली होती. मला भीती होती मोहल्ल्याची, लोक काय म्हणतील याची. माथेरानच्या त्या गृहस्थांनाही कुणाची तरी असेलच. ज्यांना जकात देता येते त्या आठ प्रकारांमध्ये मुसाफिरही आहे, हे मी मुलांना पाठ करून घेते. आपल्या मोठ्या माणसांनी मुंबईत मुसाफिरखाने बांधले, हेही सांगते. आणि दारात एकटी बाई लेकरू घेऊन उभी राहिली, तेव्हा मी वही चाळली.

परत आल्यावर तिचा नंबर शोधला. मोबाइलमध्ये ‘वरची खोली’ या नावाने होता. फोन केला. तिने ओळखलं. तिला दवाखान्याजवळ जागा मिळाली होती, भाडं जास्त होतं. मी म्हटलं, “खोली तेव्हा रिकामी होती. मी खोटं बोलले. मला माफ कर.”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मालूम था, बाजी. रात को खिड़की में अंधेरा रहता था.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

आता दारावर पाटी लावली आहे. मुलीच्या अक्षरात आहे: ‘खोली भाड्याने देणे आहे. भाडे अडीच हजार. पाणी रोज येत नाही. जिना अरुंद आहे, कठडा आहे.’ यांनी वाचून विचारलं, “फॅमिलीसाठीच, असं लिहायचं राहिलं का?”

मुलगी म्हणाली, “नाही अब्बू, राहिलं नाही.”