दोन डोळे, दोन पांढरे

डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मला दोन पांढरे रंग दिसायला लागले. उजवा डोळा झाकला की भिंतीचा चुना निळसर, थंड. डावा झाकला की तोच चुना पिवळट. डॉक्टर म्हणाले, "उजव्या डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडलंय, ते निळा उजेड अडवतं. डाव्यात आता स्वच्छ भिंग आहे. उजवा डोळा केला की फरक जाईल. तोवर लोकांना सवय होते." लोकांना होत असेल. मी गाड्या रंगवतो, आणि नेमकी तेव्हाच माझ्या गॅरेजात एक पांढरी मारुती 800 उभी होती.

गाडी एका निवृत्त सरांची. 1997 चं मॉडेल, दोन लाख किलोमीटर कधीच मागं पडलेले. मीटरची केबल तुटलेली असताना चाललेले किलोमीटर वेगळे. गळीत हंगामात एका उसाच्या ट्रॉलीनं तिचं डावं दार ओरबाडत नेलं होतं. बाकी सगळी गाडी कंपनी पेंटवर, म्हणजे एकदाही रंगवलेली नाही. अशी गाडी आली की मी आधी हात धुतो. धंद्यातले लोक यावर हसतात.

गाडीच्या रंगांत सिल्व्हर अवघड, असं बाहेरच्यांना वाटतं. सिल्व्हर अवघड आहेच, पण ते काम स्प्रे गनचं आहे. हवा जास्त, रंग कोरडा पडला की उजळ दिसतो. ओला पडला की गडद. गन वीतभर अंतरावर धरली आणि मनगट वळू दिलं नाही की सिल्व्हर माणसाचं ऐकतो. पांढरा ऐकत नाही. त्यात लपायला काही नसतं. लिटरभर पांढऱ्यात काळा किती घालायचा, तर काडीच्या टोकाला येईल एवढा. पिवळा ऑक्साइड त्याहून कमी. काळा जरा जास्त पडला तर परतीचा रस्ता नाही. पांढरा ओतत राहायचं आणि एका दारासाठी अख्ख्या गाडीचा रंग घेऊन बसायचं. त्यात ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. दुपारच्या उन्हात जुळलेला रंग पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उघडा पडतो. गिऱ्हाईक नेमकं रात्रीच पंपावर जातं.

दुकानात मारुतीच्या सुपीरियर व्हाइटचा डबा मिळतो. तो नव्या गाडीचा रंग. सरांच्या गाडीवर तो फक्त पेट्रोलच्या झाकणाआड आणि डिकीच्या रबराखाली उरला होता. बाकी गाडीचा रंग कंपनीनं दिलेला नाही, उन्हानं दिलेला आहे. छपरावर बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागत होती. बॉनेट खालून इंजिनानं आणि वरून उन्हानं तापलेलं, त्याचा रंग वेगळा. सरांची गाडी वर्षानुवर्षं उजवी बाजू वाड्याच्या भिंतीला लावून उभी असते, म्हणून उजवी दारं अजून तुकतुकीत आणि डावी बाजू रापलेली. त्या डाव्या बाजूतही पुढचा मडगार्ड अंगणातल्या झाडाच्या सावलीत आणि मागचं क्वार्टर उन्हात. जुनी गाडी कुठं, कशी, कोणत्या तोंडानं उभी असते हे मी मालकाला न विचारता सांगू शकतो. सांगतोही. समोरच्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघायला मला फार आवडतं.

तर मी नेहमीप्रमाणे शेजारच्या मडगार्डाचा हातभर भाग रबिंगनं उघडला, कारण वरच्या मेलेल्या थराशी रंग जुळवण्यात अर्थ नसतो. रंग बनवला, पत्र्याच्या तुकड्यावर मारला, वाळवला आणि गाडीला लावून बघितला. उजवा डोळा म्हणाला, जुळला. डावा म्हणाला, पिवळा जास्त आहे.

पुन्हा बनवला. आता डावा खूश. उजव्याला आधीचा आणि हा, दोन्ही सारखेच दिसत होते. घोळ इथंच होता. म्हातारा डोळा भांडत नव्हता. त्याला फरकच दिसत नव्हता. एका डोळ्यावर हात ठेवून मी गाडीभोवती फेऱ्या मारत होतो आणि रस्त्यापलीकडचा वेल्डर आपलं काम थांबवून माझ्याकडं बघत होता.

त्या आठवड्यात मी उजवा डोळा झाकून कोल्हापूरभर हिंडलो. शिवाजी उद्यमनगरापासून रंकाळ्यापर्यंत जेवढ्या पांढऱ्या गाड्या दिसल्या, त्या सगळ्या नव्या डोळ्यानं तपासल्या. दुसऱ्यांनी मारलेले पॅच असे ठळक दिसायला लागले की मला रात्री झोप लागेना, इतका आनंद झाला. हे दार वेगळं, तो बंपर निळा, त्या क्वार्टरला हात सफाईनं फिरलेलाच नाही. माझ्या हातच्या गाड्याही दिसल्या. त्यांच्याबद्दल इथं लिहिणार नाही.

माझं शिक्षण एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगावर झालं. गिऱ्हाईक अजून "डुको मारायचाय" म्हणतं, ते त्या रंगाचं नाव. अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीनं 1920 च्या दशकात तो आणला आणि आठवडेच्या आठवडे वाळत पडणारी गाडी काही तासांत वाळायला लागली. फियाट आणि अॅम्बॅसेडर आम्ही त्याच रंगानं सांभाळल्या. एनसीचा मोठा गुण असा की त्याचा जुना थर नव्या थिनरनं पुन्हा विरघळतो, त्यामुळं नव्याची कडा जुन्यात मुरते. दोष असा की पावसाळ्यात तो माणसाला रडवतो. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं आणि काळी गाडी डोळ्यांदेखत पांढुरकी होते. जुलै महिन्यात कोल्हापुरात एनसी मारणं म्हणजे पंचगंगेशी वाद घालणं. आता सगळं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. हार्डनर घातला की पक्का, चकचकीत, पॉलिशची गरज नाही. पण एकदा वाळला की तो थिनरला दाद देत नाही. पॅचची कडा कडाच राहते; मग लॅकर अख्ख्या पॅनेलवर घ्यावा लागतो. आणि त्या हार्डनरची वाफ छातीत बसते. आमची पोरं नाकाला रुमाल बांधून पीयू मारतात, याला मी कारागिरी म्हणत नाही. रुमालानं धूळ अडते, हार्डनरमधलं आयसोसायनेट अडत नाही. माझ्याकडं मास्क घातल्याशिवाय गनला हात लावायचा नाही, असा नियम आहे आणि त्यापायी दोन पोरं सोडून गेली.

जे पोरगं राहिलं ते हुशार आहे. माझी तारांबळ बघून त्यानं रंगाच्या दुकानातून शेड वाचणारा कॅमेरा मागवला. गाडीच्या अंगाला टेकवायचा, तो उजेड मारतो, परत येणारा उजेड मोजतो आणि कोणता रंग किती ग्रॅम ते सांगतो.

"मामा, ह्याला मोतीबिंदू होत न्हाई," पोरगं म्हणालं.

"आणि ह्याला अक्कल?" मी विचारलं. "रुपयाएवढी जागा बघतंय ते. कुठली जागा दाखवायची ते कोण सांगणार?"

त्यानं मडगार्डावर टेकवला, आकडे आले. मागच्या क्वार्टरवर टेकवला, दुसरे आकडे आले. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला चहा पाजला. पण खरं सांगायचं तर मडगार्डाचे आकडे माझ्या डाव्या डोळ्याच्या रंगाच्या फार जवळ होते, आणि ते मी पोराला दोन दिवस सांगितलं नाही.

शेवटी दाराला मी दोन पांढरे मारले. मडगार्डाकडच्या कडेला एक, क्वार्टरकडच्या कडेला दुसरा, आणि मधल्या हातभर जागेत एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभात विरत नेला. पुसट कडा नवीन नाही. प्रत्येक पेंटर पॅच विरवतो. पण एका दारात उन्हाची वर्षं आणि सावलीची वर्षं मारायची, हे मी याआधी केलं नव्हतं. प्रत्येक हात मारताना डावा डोळा उघडा आणि उजवा बंद. हात थोडा कापतो हल्ली, पण ट्रिगर ओढला की थांबतो. का ते मला माहीत नाही.

सर गाडी न्यायला आले. दाराभोवती फिरले, चष्मा पुसला, पुन्हा फिरले. "कुठं लागलं होतं हो पेंटर?" या प्रश्नावर आमच्या धंद्यातला माणूस जगतो. काम दिसलं नाही म्हणजे चांगलं झालं, हे खरं. पण दिसलं नाही तर कौतुक कुणाचं करणार? म्हणून मी सांगितलंच. दोन पांढरे, ऊन, सावली, सगळं सांगितलं. सर शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे बिल दोन रंगांचं का?"

बाबूराव पेंटरांच्या या गावात मलाही लोक पेंटर म्हणतात, याचा मला आतून फार गर्व आहे. ते कॅनव्हासवर रंगवायचे, पडदे रंगवायचे, सिनेमाचा कॅमेरा त्यांनी स्वतः बनवला. मी मारुतीचं दार रंगवतो. तरी पाटीवर आडनाव न घालता नुसतं पेंटर लिहायचं धाडस मी केलंय.

धंद्याची खरी वाट फुल बॉडीनं लावली. एक दार जुळवायची अक्कल नाही, म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचं, "अख्खी गाडीच मारून घ्या, नवी दिसेल." नवी दिसते, महिनाभर. दारांच्या रबरावर रंग, काचेच्या बीडिंगवर रंग, नट-बोल्टांवर रंग. खाली काय आहे ते कुणी बघत नाही. 2019 च्या ऑगस्टमधल्या आणि 2021 च्या जुलैमधल्या महापुरात बुडालेल्या किती गाड्या मी नंतर बघितल्या. वरून आरसा आणि दाराच्या पोटात वाळलेला गाळ. अशा दारांचा गंज बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येतो. पाण्याची वाट बुजली की दाराचा तळ आतून कुजतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, रंगाला फोड येतो, आणि तोवर आतला पत्रा बोटानं आत जाईल असा झालेला असतो. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की एजंटाला गाडी विकायला मोकळीक. लोहचुंबक कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं पत्रा नाही, लांबी आहे. हे सांगितल्यानं गावातले दोन एजंट माझ्याशी बोलत नाहीत.

सिरॅमिक कोटिंगवाल्यांचंही तेच. कंपनीच्या लॅकरचा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो. प्रत्येक जोरदार बफिंग त्यातला थोडा खातं. जुन्या गाडीला दर दिवाळीला बफिंग मारून हे लोक चमक विकतात, आणि लॅकर संपला की ती गाडी माझ्याकडं येते. सरांच्या मारुतीसारख्या जुन्या पांढऱ्यावर तर लॅकरही नसतो. तिथं बफला नुसता रंगच मिळतो. साखर कारखान्याच्या धुराड्याची राख बसलेली गाडी कोरड्या फडक्यानं पुसणारे तर रोज सकाळी गल्लीगल्लीत दिसतात. फडकं नव्हे, पॉलिश पेपरच फिरवतात ते.

जुन्या गाड्यांवर आता सरकारचाही डोळा आहे. 15 वर्षांवरच्या गाडीच्या पुनर्नोंदणीची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 वर गेली. मुंबईत वीस वर्षांच्या वयोमर्यादेत बसत नाही म्हणून प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. धूर ओकणारी गाडी जावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नीट सांभाळलेली गाडी आणि नुसती रंगवलेली गाडी यांतला फरक कागदाला कळत नाही, आणि पासिंगच्या आदल्या रात्री ब्रशनं रंग फासणारे निभावून जातात.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दसऱ्यानंतर ठरलंय. आधी जमणार नाही. खंडेनवमीला गनला हार घालायचा तर त्याआधी गाड्या द्याव्या लागतात, आणि दसऱ्याला गाडी चकचकीत हवी असं प्रत्येकाला ऑगस्टात नव्हे, दसऱ्याच्या आठवड्यातच आठवतं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत धूळ आणि थिनर बंद सांगितलंय. पोरगं म्हणतं, तोवर मी बघतो. बघेल. पांढरी गाडी आली तर मात्र थांबवून ठेव, असं मी त्याला बजावलंय.

तुमच्याकडं कंपनी पेंटची जुनी गाडी असेल तर एका दारासाठी ती अख्खी रंगवू देऊ नका, कुणी कितीही स्वस्तात सांगो. पावसाळा संपला की दारांच्या खालच्या कडेची भोकं तारेनं मोकळी करा, मडगार्डाच्या आतला चिखल पाण्यानं धुऊन काढा आणि रंग भुरका पडलाय म्हणून घाबरू नका. भुरका रंग जुळवता येतो. कुजलेला पत्रा नाही जुळवता येत.