गाझी : एक अपुरी नोंद

ज्या विक्रांत या विमानवाहू नौकेचे नाव निघाले की गोदीत कामाला जाणाऱ्या आमच्या कोपर-डोंबिवलीच्या जुन्या माणसांचा स्वर अजूनही बदलतो, तिचाच घात करावा या हेतूने १४ नोव्हेंबर १९७१ रोजी कराचीहून निघालेली पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी, भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली आणि ३ व ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर नव्वदांहून अधिक माणसांसह बुडाली, एवढी हकिगत निर्विवाद आहे. ती कशाने बुडाली, याचा निवाडा मात्र अद्याप झालेला नाही.

आपल्या नौदलाचे म्हणणे असे, की विक्रांत अंदमानाकडे सुरक्षित ठेवून पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी राजपूत या जुन्या विनाशिकेकडून तिची बतावणी करविली. बिनतारी संदेशांचा गजबजाट केला, बाजारात मोठ्या रसदेची मागणी नोंदविली, इतकेच नव्हे तर विक्रांतवरील एका खलाशाच्या आजारी आईची विचारपूस करणारा उघड संदेशही धाडला. मध्यरात्रीच्या सुमारास बंदराबाहेर पडणाऱ्या राजपूतने पाण्यातील संशयास्पद खळबळीवर स्फोटके टाकली आणि काही वेळाने शहरातील तावदाने हादरविणारा धमाका झाला. उलट पाकिस्तानचे सांगणे, की गाझी स्वतःच पेरलेल्या सुरुंगावर आदळली असावी, किंवा तिच्या पोटातच स्फोट झाला असावा.

पोटातील स्फोटाचा हा तर्क सहज झिडकारण्याजोगा नाही. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर, त्याच भारत-पाक युद्धात पश्चिम समुद्रात वावरलेली कुरसुरा ही आपली पाणबुडी संग्रहालय म्हणून उभी आहे. तिच्या अरुंद बोळातून अंग चोरून पुढे सरकताना टॉर्पेडोंच्या सान्निध्यात टांगलेली निजण्याची फळकुटे दिसतात. विद्युत्घट भारित होताना हायड्रोजन सुटतो, आणि वायुवीजनात कसूर झाली तर एक ठिणगी पुरते. शत्रूचा खलाशीही असाच, स्फोटकाच्या उशाशी निजत असला पाहिजे, या विचाराने माझे मन तेथे विलक्षण कासावीस झाले.

कराचीहून गाझीला नोव्हेंबरअखेरीस गेलेल्या संदेशांना उत्तर मिळाले नाही. ९ डिसेंबरला भारताने गाझी बुडाल्याचे जाहीर केले, आणि त्याच रात्री हँगोर या पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडविली. १८ अधिकारी व १७६ खलाशी गेले. परंतु खुकरीवरून वाचलेल्यांनी तिचे कॅप्टन मुल्ला जहाज न सोडता कसे गेले ते सांगितले, आणि त्या घरांच्या शोकाला निदान एक वृत्तांत लाभला. गाझीची जबानी देण्यास कोणीच उरले नाही.

अशा प्रकरणी कागद हाच साक्षीदार. म्हणून आपल्या नौदलाच्या दप्तरातील गाझीसंबंधीची कागदपत्रे नष्ट केली गेल्याचे वृत्त २०१० साली वाचले, तेव्हा मला मनस्वी खेद झाला. राजपूतच्या खलाशांचे धैर्य, कृष्णन यांची कुशाग्रता व विक्रांतची सुटका यांना त्या कागदांपासून कसलेच भय नव्हते. २०२४ मध्ये नौदलाच्या खोल पाण्यातील बचावयानाने गाझीचे अवशेष हेरले आणि मृतांचा मान राखून त्यांना हात लावला नाही. ते उचितच झाले. परंतु १९७१ च्या त्या डिसेंबरात निस्तार या नौदलाच्या जहाजावरून गाझीच्या अवशेषांपाशी उतरलेल्या पाणबुड्या जवानांपैकी जे हयात असतील त्यांच्या जबान्या सरकारने विनाविलंब नोंदवून घ्याव्यात, आणि त्यांची एक प्रत कराचीलाही पाठवावी.